एएफएमच्या चित्रात लाटा, इंटरफेरोमीटरचे पट्टे थरथरतात: आधी काय मोजायचं, मग काय बसवायचं?

पदार्थविज्ञान_नांदेड (प्रश्न)

नमस्कार. नांदेडमधल्या एका कॉलेजची संशोधन प्रयोगशाळा आहे. जुनी आरसीसी इमारत, पहिला मजला. दोन उपकरणांचा प्रश्न आहे.

पहिलं एएफएम (बारीक टीप पृष्ठभागावर फिरवून नॅनोमीटरमधली उंची मोजणारा सूक्ष्मदर्शक). खोलीच्या मधोमध, लोखंडी पायांच्या लाकडी टेबलावर ठेवलेलं आहे. सिलिकॉनच्या सपाट तुकड्यावर टीप टेकवून, स्कॅनचा आकार शून्य ठेवून उंचीचा सिग्नल पाहिला तर गोंगाट साधारण ३ नॅनोमीटर आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं मूळ) येतो. कंपनीच्या कागदावर ०.१ लिहिलंय. चित्रात सरळ सरळ लाटा दिसू लागल्यात.

दुसरं मायकेलसन इंटरफेरोमीटर (दोन आरशांवरून आलेला प्रकाश एकत्र आणून पट्टे पाडणारं), हीलियम-निऑन लेसरवर. १२ मिमी ॲल्युमिनियमची प्लेट, खाली १० मिमी रबर शीट. दिवसा पट्टे एका जागी थांबतच नाहीत, रात्री बरे असतात.

आजूबाजूला काय आहे ते सांगतो. इमारतीलगत बोअर, त्याच्या सबमर्सिबल मोटारीचा पाइप भिंतीवर क्लॅम्प मारून गच्चीवरच्या टाकीपर्यंत गेलाय. शेजारच्या खोलीत कोटिंग युनिटचा रोटरी व्हॅक्यूम पंप, रबरी पॅडवर. छतावर चार पंखे. मागे डीजी सेट. तीस-चाळीस मीटरवर रस्ता आणि त्यावर स्पीडब्रेकर.

टेबलाच्या पायाखाली रबर घालून झालं, काडीचा फरक नाही. फोनवरच्या व्हायब्रेशन ॲपमध्ये सगळं सारखंच दिसतं. ॲक्टिव्ह आयसोलेशन टेबल (कंपन मोजून उलट ढकलणारं) बजेटच्या बाहेर आहे, चाळीस-पन्नास हजारांत काय होईल ते बघायचंय. तळमजल्यावर एक खोली मिळू शकते, तिथे खड्डा घेऊन वेगळं फाउंडेशन करावं असाही विचार आहे. सुरुवात कुठून करावी?

जिओफोन२८

सुरुवात मोजण्यापासून. आणि फोन बाजूला ठेवा, त्याच्या सेन्सरला तुमची फरशी दिसतच नाही. हिशोब असा आहे.

संवेदनशील उपकरणांसाठी फरशीचा दर्जा व्हीसी (कंपन-निकष) वक्रांवर मोजतात. एक-तृतीयांश ऑक्टेव्हच्या (ऑक्टेव्ह म्हणजे वारंवारिता दुप्पट होईपर्यंतचा टप्पा) प्रत्येक पट्ट्यात कंपनाचा वेग किती, ते पाहायचं. व्हीसी-ए म्हणजे ५० मायक्रोमीटर प्रति सेकंद आरएमएस, बी म्हणजे २५, सी १२.५, डी ६.२५ आणि ई ३.१. सामान्य ऑफिसची मर्यादा ४०० धरतात. ४०० पटीच्या ऑप्टिकल मायक्रोस्कोपला ए पुरतो, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला डीच्या आसपास लागतं. तुमच्या एएफएमच्या मॅन्युअलमध्ये जागेबद्दलचं पान असेल ते आधी काढा. नसेल तर सी ते डी हे लक्ष्य धरून चला.

आता सेन्सर. एमपीयू६०५० सारख्या स्वस्त चिपचा स्वतःचा गोंगाट ४०० मायक्रो-जी प्रति रूट हर्ट्झ. १० हर्ट्झजवळचा एक-तृतीयांश ऑक्टेव्ह पट्टा २.३ हर्ट्झ रुंद असतो. म्हणजे त्या पट्ट्यात चिप स्वतःच जवळपास ९५ मायक्रोमीटर प्रति सेकंद दाखवते. व्हीसी-ए च्या दुप्पट, तेही सेन्सर हलत नसताना! एडीएक्सएल३५५ या चिपचा गोंगाट २२.५, त्यामुळे १० हर्ट्झला गोंगाटाचा तळ ५.३ पर्यंत येतो. बी-सी पर्यंत तो चालेल, डी च्या काठावर अडकेल आणि २ हर्ट्झला तर १२ वर जाईल.

म्हणून ४.५ हर्ट्झचा जिओफोन (चुंबक आणि कॉइलने जमिनीच्या कंपनाचा वेग मोजणारा सेन्सर) घ्या. एक उभ्या दिशेचा, एक आडव्या दिशेचा. दोन्ही वेगळे मागवायचे, उभा जिओफोन आडवा पाडून चालत नाही, आतली कॉइल एका बाजूला टेकते. संवेदनशीलता २८.८ व्होल्ट प्रति मीटर प्रति सेकंद या घरात असते. ५ मायक्रोमीटर प्रति सेकंदाला १४४ मायक्रोव्होल्ट मिळतात, ते आर्डुइनोच्या १० बिट इनपुटला कळणार नाहीत. एडीएस१२५६ हा २४ बिटचा मॉड्यूल आतल्या ६४ पट वर्धनावर वापरा. त्या सेटिंगला रेंज ±७८ मिलिव्होल्ट, म्हणजे सेकंदाला २.७ मिमी पर्यंतचा वेग मावतो. शेजारी कोणी पाय आपटला तरी सिग्नल कापला जाणार नाही.

इथे हमखास चुकणाऱ्या गोष्टी:

जिओफोनचं एक टोक जमिनीला जोडलं की सिग्नलचा ऋण अर्धा भाग गायब होतो, कारण हा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा तो २४ बिटचा मॉड्यूल) शून्याखालचं घेत नाही. ते टोक २.५ व्होल्टच्या संदर्भावर उचलून धरा.

डॅम्पिंगसाठी (कॉइलचं घुमणं शमवायला) समांतर रोध लावतात. कॉइल ३७५ ओहम आणि रोध १००० ओहम असेल तर संवेदनशीलता ७३ टक्क्यांवर येते. आकडे भरताना ती घट धरली नाही तर फरशी आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

४.५ हर्ट्झच्या खाली वारंवारिता निम्मी झाली की सिग्नल चौथ्या हिश्श्यावर येतो. ती दुरुस्ती गणितात करा, पण १ हर्ट्झच्या खालच्या आकड्यांवर विसंबू नका.

जिओफोन काढून त्याच्या जागी तेवढ्याच रोधाचा रेझिस्टर लावून दहा मिनिटं रेकॉर्ड करा. हा तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सचा तळ. खरा सिग्नल याच्या निदान तिप्पट वर हवा.

ठेवण्याची जागा. फरशी आधी नाण्याने वाजवून बघा. शहाबादी असो की व्हिट्रिफाइड, खाली माल नीट भरलेला नसेल तर पोकळ वाजते, आणि अशा फरशीवर सेन्सर ठेवला तर मोजमाप त्या फरशीचं होतं, स्लॅबचं नाही. मॅट, व्हिनाइल, फोमची चिकटपट्टी यांपैकी काहीही खाली नको. जाड लोखंडी चकतीला तीन टोकदार पाय, त्यावर जिओफोन, पाय मेणाने किंवा थोड्या प्लास्टर ऑफ पॅरिसने बसवलेले. वरून पातेलं उपडं घाला, पंख्याचा वारा लागत नाही.

सेकंदाला २५० नमुने, सलग २४ तास, कामाच्या दिवशी. सोबत वहीत नोंद: मोटार कधी चालू, डीजी कधी, लोडशेडिंग कधी. नंतर पायथनमध्ये वेल्च पद्धतीने (तुकड्या-तुकड्यांची सरासरी घेऊन) स्पेक्ट्रम काढा, खिडकी ४०९६ नमुन्यांची. म्हणजे १६ सेकंदांची खिडकी आणि ०.०६ हर्ट्झचा बारकावा. हा बारकावा लागतोच, कारण मोटारीची ४८ आणि तारेतून शिरलेली ५० हर्ट्झ एकमेकांपासून सुटी दिसली पाहिजेत. बरोबर ५०.० वर सुईसारखं टोक असेल तर बहुतेक ती वीज आहे, थरथर नव्हे.

कोणतं टोक कोणाचं: पंखा ३३० फेऱ्यांचा असेल तर ५.५ हर्ट्झ. चार पोलची मोटार १४४०-१४५० फेऱ्यांवर, म्हणजे २४ च्या आसपास. दोन पोलची ४७ ते ४९. डीजी १५०० फेऱ्यांवर २५, आणि चार स्ट्रोकचा एक सिलिंडर असेल तर १२.५ सुद्धा. ८ ते १५ मधला रुंद, गोलसर उंचवटा बहुतेक स्लॅबचा स्वतःचा. चालणाऱ्या माणसाचं पाऊल २ हर्ट्झ आणि त्याच्या पटी.

शेवटी रात्री एकेक यंत्र बंद-चालू करून बघा. अंदाजापेक्षा बटण खरं.

अजून एक, आणि बहुतेक जण हेच विसरतात: एएफएमचा स्वतःचा सांगाडा किती ताठ आहे तेही मोजा. टीप टेकलेली ठेवून टेबलाला पेन्सिलच्या रबराने हलकी टिचकी मारा आणि डिफ्लेक्शन सिग्नल (टीप किती वाकते तो) किती हर्ट्झला घुमतो ते पाहा.

सायपाय_जालना

वरच्यात एक भर. सरासरी स्पेक्ट्रमवर थांबू नका. २४ तासांची सरासरी काढली की रात्रीची शांतता दिवसाचे हादरे झाकून टाकते. एका स्कॅनला साधारण आठ-दहा मिनिटं लागतात, म्हणून रेकॉर्डचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडा, प्रत्येकाचा एक-तृतीयांश ऑक्टेव्ह काढा आणि दर पट्ट्यात ९५ व्या शतमकाची (९५ टक्के तुकडे ज्याच्या खाली येतात त्या आकड्याची) रेघ ओढा. तीच व्हीसी वक्राशी ताडायची.

दोन सेन्सर असतील तर आधी दोन्ही एकाच दिशेचे शेजारी शेजारी ठेवून एक तास रेकॉर्ड करा. दोघांत जुळतं ते जमिनीचं, जुळत नाही ते सेन्सरचं. मग एक फरशीवर, एक टेबलावर. गुणोत्तर काढताना कोहिरन्सही (दोन सिग्नल एकमेकांशी किती जुळतात, ० ते १) बघा, ०.८ च्या खाली असेल तिथलं गुणोत्तर सोडून द्या.

पदार्थविज्ञान_नांदेड

मोजून झालं. उभी दिशा, खोलीच्या मधोमध, दिवसाचे ९५ व्या शतमकाचे आकडे, मायक्रोमीटर प्रति सेकंदात:

११.५ हर्ट्झ, रुंद उंचवटा: ३०
२४.२ हर्ट्झ, बारीक टोक: १४ (व्हॅक्यूम पंप बंद केला की जातं)
४८.३ हर्ट्झ, बारीक टोक: ८ (बोअरची मोटार)

रात्री सगळं बंद असताना ११.५ चा उंचवटा ६ वर येतो. कॉलमजवळच्या कोपऱ्यात तोच दिवसा ९. टिचकी मारली तर एएफएम साधारण २०० हर्ट्झला घुमतं. डीजी या काळात चालला नाही.

एक शंका. ११.५ चं टोक सगळ्यात मोठं आहे, मग आधी त्याच्याच मागे लागावं ना?

जिओफोन२८

उलट, तिन्हींचा वाटा जवळपास सारखा आहे. कसं ते बघा.

वेगावरून विस्थापन काढा. ११.५ हर्ट्झला ३० म्हणजे ४१५ नॅनोमीटर. २४.२ ला १४ म्हणजे ९२. ४८.३ ला ८ म्हणजे फक्त २६.

पण टीप आणि नमुना दोन्ही एकत्र हलले तर चित्रात काही येत नाही. चित्र बिघडवतो तो दोघांमधला फरक. सांगाड्याची नैसर्गिक वारंवारिता २०० असेल तर हा फरक साधारणपणे विस्थापन गुणिले (कंपनाची वारंवारिता भागिले २००) याचा वर्ग. ११.५ साठी १.४ नॅनोमीटर, २४.२ साठी १.४, ४८.३ साठी १.६. वर्गांची बेरीज करून मूळ काढलं की २.५ निघतात. तुमच्या ३ शी जुळतं. म्हणजे लाटा कंपनाच्याच आहेत, फीडबॅकच्या (टीपची उंची सांभाळणाऱ्या सर्किटच्या) नाहीत हेही कळलं.

यातून स्वस्त औषध आपोआप निघतं. २०० चे ४०० झाले तर गोंगाट चौथा हिस्सा. एएफएमसाठी २०० फार कमी आहे, कुठेतरी ढिलं आहे. नमुना जाड दुहेरी चिकटपट्टीवर असेल तर काढा, पोलादी चकतीवर सायनोॲक्रिलेटने बसवा. स्टेजचे तीन पाय शक्य तितके आत फिरवून हेड खाली आणा, लॉकिंग स्क्रू आवळा, ऑप्टिक्सचा जड कॅमेरा हेडवर लटकत असेल तर उतरवा. प्रत्येक बदलानंतर पुन्हा टिचकी.

इंटरफेरोमीटरचंही तेच. एक पट्टा म्हणजे आरशाचं ३१६ नॅनोमीटर सरकणं. उंच, बारीक खांबावर आरसा असेल तर त्याची वारंवारिता ३० च्या घरात असू शकते. मग ११.५ च्या ४१५ नॅनोमीटरमधले ७० तरी आरशापर्यंत पोचतात. तोच आरसा २५ मिमी व्यासाच्या आखूड खांबावर घेतला, वारंवारिता १०० वर नेली, तर साडेपाच उरतात. टेबलाला हात न लावता.

फिटर_वाळूज

रबर घालून फरक का पडला नाही त्याचं कारण सांगतो, कारण सगळीकडे हेच चालू असतं.

स्प्रिंग असो की रबर, वजन ठेवल्यावर ते किती मिमी दबलं यावरून नैसर्गिक वारंवारिता कळते. १५.८ भागिले दबलेल्या मिमीचं वर्गमूळ. १ मिमी दबलं तर १५.८ हर्ट्झ, १० मिमी ला ५, २५ ला ३.२, २५० ला १. आयसोलेशन सुरू होतं ते या आकड्याच्या १.४ पटीच्या वर. तिप्पट असेल तर कंपन आठव्या हिश्श्यावर येतं. आणि नेमक्या त्याच वारंवारितेला रबर कंपन कमी करत नाही, वाढवतं.

तुमचा व्हॅक्यूम पंप समजा २५ किलोचा. चार पॅडवर तो अर्धा मिमी दबत असेल, म्हणजे २२ हर्ट्झ. पंप चालतो २४ वर. पॅड काढून पंप नुसता फरशीवर ठेवला असता तर बरं झालं असतं. रबराचं पॅड जाडीच्या दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त दाबू नये, त्यामुळे १० मिमीच्या पॅडकडून यापेक्षा फार काही मिळणारही नाही.

करायचं असं: ६० किलोचा काँक्रीटचा किंवा लोखंडी ठोकळा, पंप त्याला बोल्टने आवळायचा. एकूण ८५ किलो. खाली चार कॉइल स्प्रिंग, ६ मिमी दबणाऱ्या. दर स्प्रिंगवर २१ किलो, म्हणून कडकपणा ३५ न्यूटन प्रति मिमी. स्प्रिंगवाल्याला हाच आकडा द्या, "मऊ दे" म्हणू नका. नैसर्गिक वारंवारिता ६.५ हर्ट्झ होते आणि २४ ची थरथर फरशीत बाराव्या-तेराव्या हिश्श्याने उतरते. ठोकळ्याचं वजन आयसोलेशनसाठी नाही, ६ मिमी दबलं की आयसोलेशन आलंच. वजनामुळे पंप स्वतः कमी नाचतो आणि नळीला कमी ओढतो. स्प्रिंगच्या बुडाला पातळ निओप्रीन चकती ठेवा, नाहीतर तारेतून टिणटिण खाली उतरते.

मग नळी. एवढं सगळं करून पंपाला कडक पीव्हीसी किंवा तांब्याचा पाइप ठेवला तर कंपन पाइपातून जातंच. मधे स्टेनलेस बेलोज (घड्यांची लवचिक नळी), आणि बेलोजच्या पुढचा पाइप वाळूने भरलेल्या लाकडी पेटीतून न्या. निर्वातात बेलोज आखडून पंपाला ओढतो, म्हणून त्याला काटकोनात वळण द्या, सरळ ओळीत नको.

बोअरच्या मोटारीचं: मोटार खोल आहे, तिचं फारसं काही नाही. थरथर येते ती भिंतीवरच्या पाइपातून. बोअरच्या तोंडाशी मीटरभर लवचिक होज, भिंतीवरचे उघडे लोखंडी क्लॅम्प काढून रबर अस्तराचे, आणि गच्चीत पाइप जिथे स्लॅबमधून जातो तिथलं सिमेंट फोडून भोवती मोकळी जागा. त्याहून सोपं: लेव्हल कंट्रोलरला टाइमर लावा, टाकी पहाटे भरून घ्या.

पदार्थविज्ञान_नांदेड

पंपाचं आजच बघतो. एएफएम कॉलमजवळ हलवणारच आहोत. तरी त्याच्याखाली काय घ्यावं, हवेच्या ट्यूब की टांगायचं?

फिटर_वाळूज

एएफएमला टांगणं, इंटरफेरोमीटरला ट्यूब.

टांगण्यासाठी: हेड ८ किलो धरलं आणि खाली १२ किलोची ग्रॅनाइटची लादी, तर २० किलो. ५० मिमी चौकोनी पाइपची चौकट, वरून चार बंजी दोऱ्या, भार दिल्यावर ३०० मिमी ताणल्या जातील अशा. सूत्राने ०.९ हर्ट्झ येतात, पण रबर हलताना स्थिर भारापेक्षा कडक वागतं, म्हणून १.१ धरा. ११.५ हर्ट्झची थरथर शंभराव्या हिश्श्यावर, पंख्याची ५.५ ची चोविसाव्या. दोऱ्या लादीच्या खालून नको, हेड आणि लादीच्या एकत्र गुरुत्वमध्याच्या उंचीला अडकवा, नाहीतर डुलतं. डुलणं शमवायला लादीच्या कोपऱ्याला तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, ती चौकटीवरच्या निओडिमियम चुंबकांच्या फटीत न टेकता फिरेल अशी. एमएफएम (एएफएमनेच चुंबकी बल मोजणं) करणार असाल तर चुंबक नको, सैल फोम चालेल.

ही पद्धत जुनीच आहे. झुरिकला बिनिंग आणि रोहरर यांनी १९८१ मध्ये एसटीएम (एएफएमच्या आधीचा, टीप वापरणाराच सूक्ष्मदर्शक) चालवलं तेव्हा कंपनाशीच मोठं भांडण होतं. आधी अतिवाहक चुंबकावर उपकरण तरंगवलं, नंतर स्प्रिंग आणि चुंबकी डॅम्पिंगवर आले. दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं, आणि ही पद्धत बऱ्याच जणांनी उचलली.

केबल! सगळ्यात जास्त काम इथेच वाया जातं. एएफएमची जाड केबल सरळ संगणकावर नेली की चौकट, बंजी सगळं गेलं, कंपन केबलमधून आत. जाड आवरण जिथे सोलता येत असेल तिथे बारीक तारांचा मोकळा यू आकाराचा झोल सोडा, एक टोक लादीला, दुसरं चौकटीला बांधलेलं.

ट्यूब: स्कूटरच्या चार ट्यूब, वर ९०० × ६०० × १०० मिमीची ग्रॅनाइट, सुमारे १५० किलो. टाइल्सच्या दुकानात २० मिमीचीच मिळते. पाच थर मऊ पॉलियुरेथेन गोंदाने एकावर एक चिकटवले तर चालतं, उलट गोंदाच्या थरांमुळे घुमणं लवकर मरतं. ट्यूब अजिबात टणक भरू नका. दर ट्यूबवर ३०० चौ. सेमी टेकत असेल तर आतला दाब २ पीएसआयच्या आतच येतो. दाब वाढला की टेकणारं क्षेत्र घटतं आणि टेबल कडक होतं. मऊ भरल्यावर ३ ते ५ हर्ट्झ मिळतात. हवा गळते, म्हणून दर सोमवारी लेव्हल बघायची.

दोन्हींना सुरक्षा लागते. टांगलेल्या लादीखाली १५ मिमीवर रबरी थांबे आणि एक सैल साखळी. आपला भाग अगदीच शांत नाही. किल्लारी ३० सप्टेंबर १९९३ ची, आणि हिंगोली-वसमत पट्ट्यात अधूनमधून सौम्य धक्के बसतातच. मऊ टेबलाला जागा मोठी हवी आणि अडवण मजबूत.

कोबा_आणि_मुरूम

खड्ड्याचा विषय कोणी घेतला नाही म्हणून लिहितो.

तळमजल्यावर गेलात की स्लॅबचा ११.५ चा उंचवटा जातो, तेवढंच पुरेसं कारण आहे. वेगळा फाउंडेशन ब्लॉक हा त्यानंतरचा विचार, आणि त्याच्याकडून जादूची अपेक्षा नको. मातीवर बसलेल्या ब्लॉकची स्वतःची वारंवारिता १० ते ३० हर्ट्झमध्ये येते. तो पावलांचा हादरा आणि फरशीची थरथर तोडतो, रस्त्यावरून जमिनीतून येणारं फार तोडत नाही. "चर खणून कंपन अडवू" असंही लोक सुचवतात. जमिनीतली लाट सेकंदाला १५०-२०० मीटर जाते, १० हर्ट्झला तिची लांबी १५-२० मीटर. चर निदान लांबीच्या ०.६ पट खोल हवा, म्हणजे दहा मीटर. सोडून द्या.

करायचाच असेल तर आपल्याकडचा खरा शत्रू काळी माती. उन्हाळ्यात आटते, हातभर भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. ब्लॉक तिच्यावर ठेवला तर दसऱ्यापर्यंत एका बाजूला कलतो. त्यामुळे कडक मुरूम लागेपर्यंत खणा. फारच खोल असेल तर मीटरभर काळी माती काढून न फुगणारा चिकट मुरूम भरा, १५० मिमीचे थर, ओलावा बेताचा, प्रत्येक थरावर धुम्मस. पाणी जास्त मारलं तर मुरूम लगदा होतो, कोरडा ठेवला तर ठोकून बसतच नाही. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा आणि हात ओला होऊ नये.

ब्लॉक १.५ × १.२ × १.० मीटर, साधारण ४.३ टन. एम२० काँक्रीट, वर-खाली १० मिमी सळईची जाळी १५० वर. चारही बाजूंना २५-४० मिमी थर्माकोल. फरशी आणि ब्लॉक यांच्यात कुठेही सिमेंट पडू द्यायचं नाही. गवंडी हमखास फट माल घालून "स्वच्छ" करून देतो आणि वरून टाइल ओढतो. एक टाइल दोन्हींवर बसली की सगळा खर्च पाण्यात. वरची फट फक्त मऊ सिलिकॉनने बुजवा. काँक्रीट सुकल्यावर पत्र्याची पट्टी फटीतून चारही बाजूंनी फिरवून बघा, अडली तिथे फोडा. बाहेर पागोळ्यांचं पाणी त्या भिंतीशी मुरत असेल तर आधी ते वळवा.

औंढा नागनाथला लायगो-इंडिया (गुरुत्वलहरी टिपणारं प्रचंड इंटरफेरोमीटर) होतंय, ४ किमीच्या दोन बाहूंचं, एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी मिळालेलं. अमेरिकेतल्या लायगोचे ४० किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लोलकाला टांगलेले आहेत. प्रत्येक टप्पा त्याच्या नैसर्गिक वारंवारितेच्या वर कंपन वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात घटवतो, चार टप्पे म्हणजे आठवा घात. तिथेही भिस्त निस्त्या खडकावर नाही.

पदार्थविज्ञान_नांदेड

मग खड्डा सध्या राहू द्या, खोली मात्र मागून घेतो. शेवटचं: मे महिन्यात खोली ३८-४० अंशांवर जाते. पंखा बंद केला तर तापमान सरकतं, चालू ठेवला तर ५.५ हर्ट्झ. एसी लावला तर त्याचा कॉम्प्रेसर.

जिओफोन२८

५.५ ची फरशीतली थरथर बंजी काढून टाकते. पंख्याचा खरा त्रास वाऱ्याचा आहे, तो टांगलेल्या लादीला ढकलतो. १८ मिमी प्लायची पेटी चौकटीवर बसवा, लादीला कुठेही न टेकणारी, आत रबर-बिटुमेन शीट चिकटवलेली आणि त्यावर फोम. निस्ता फोम लावून आवाज अडत नाही, आवाज अडवायला वजन लागतं. केबलच्या भोकाला कापडाची बाही.

एसी स्प्लिट घ्या, बाहेरचं युनिट भिंतीवरच्या ब्रॅकेटवर नको, जमिनीवर स्प्रिंगवर, आणि तांब्याच्या नळ्यांना दोन मोकळी वेटोळी. इन्व्हर्टर एसीचं टोक भारानुसार फिरत राहतं आणि कधी ना कधी सांगाड्याच्या वारंवारितेवर येऊन बसतं, त्यामुळे स्कॅनच्या आधी खोली दोन तास गार करून घ्यायची, पेटी बंद ठेवायची आणि स्कॅनपुरता एसी बंद. पेटीतलं तापमान हळू सरकतं, दहा मिनिटांच्या स्कॅनला तेवढं चालतं.

बंजी मात्र या उन्हात सैलावते. चौकटीवर पट्टी चिकटवून लादीची उंची खुणेने लिहून ठेवा, ५ मिमी खाली आली की गाठ वर घ्या, आणि वरच्या वेष्टणाचे धागे तुटायला लागले की चारही दोऱ्या एकदम बदला, एकच बदलली तर लादी तिरकी बसते.